नगर, बकरी आणि तोफखाना: जुन्या विनोदी नकाशाचा अर्थ लावायचाय

तोफखान्याची लेक

मी मूळची नगरची, तीही तोफखाना नावाच्या भागातली. गेली अकरा वर्षं लेस्टरला असते. मागच्या रविवारी इथल्या जुन्या बाजारात एका आजीबाईंच्या गाडीच्या डिकीत फुटक्या काचेची फ्रेम दिसली. चार पौंड म्हणाल्या, मी तीन म्हटलं, साडेतीनला पटलं.

आत वर्तमानपत्राच्या पानाएवढा हाताने काढलेला नकाशा आहे. दुसऱ्या महायुद्धात एक ब्रिटिश तोफखाना रेजिमेंट कुठे कुठे फिरली त्याचं व्यंगचित्र. नंबर जिथे असावा नेमका तिथलाच कागद कसरीने खाल्लाय.

बोट लिव्हरपूलहून निघते, आफ्रिकेला अख्खा वळसा घालते. कठड्याला ओळीने ओकणारे सोल्जर, आणि खाली पाण्यात तोंड वासून वाट बघणारा एक मासा. मग मुंबई, मग बाण घाट चढतो आणि आमचं नगर! सूर्य रुमालाने घाम पुसतोय आणि एक बकरी सोल्जरची हॅट चघळतेय. झालं नगर. हसू आलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला.

आता अडलंय ते असं. कोपऱ्यात एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन किल्ल्या आहेत, त्या कसल्या? नाशिकजवळ डोक्यावर पातेलं घालून नाचणारा माणूस आहे. पुढे आसामच्या डोंगरात नुसतं एक टेनिस कोर्ट. बाकी सगळीकडे माणसं, खेचरं, तोफेएवढे डास, इथे मात्र एक जाळं आणि पांढऱ्या रेघा. आणि मंडालेला पोचल्यावर बाण रंगूनकडे न जाता मागे कलकत्त्याला का वळतो?

मे महिन्यात बाबा येतायत (एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, नकाशा दिसला की तासभर हलत नाहीत). त्याआधी उत्तरं हवीत.

कॅम्पवाला

पातेलंवाला आमच्या देवळालीचा! गोऱ्या सैनिकांचा मोठा तळ होता इथे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे, ऊन आणि कंटाळा मिळून डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेड्याला ‘डूलाली’ म्हणायला लागले. गावाचं नाव असं जगभर गेलं, काय बोलणार. आज तोफखान्याचं स्कूल इथेच आहे, म्हणजे तोफांशी नातं तुटलेलं नाही.

दारूगोळा

तिरक्या किल्ल्या म्हणजे ब्रिटिश सेकंड डिव्हिजनची खूण. ती १९४२ मध्ये भारतात आली आणि तिचा मुक्काम नगर-पुणे भागात होता, त्यामुळे तुमची बकरी बरोबर जागी आहे. रेजिमेंटकडे २५ पौंडी तोफा असणार. एका फील्ड रेजिमेंटला अशा २४, गोळा साधारण साडेअकरा किलोचा, मारा बारा किलोमीटरच्या आसपास.

टेनिस कोर्ट कोहिमाचं (तेव्हा आसामात, आता नागालँडमध्ये). एप्रिल १९४४ मध्ये जपान्यांनी कोहिमाला वेढा घातला. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यामागे टेनिस कोर्ट होतं. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, मध्ये कोर्टाची रुंदी. हातबॉम्ब टाकायला तेवढं अंतर फार नाही. सेकंड डिव्हिजन दिमापूरकडून वर आली. कोर्ट हाती आलं मे महिन्यात, तेही एक रणगाडा वर चढवल्यावर. इंफाळचा रस्ता मोकळा झाला २२ जूनला. चित्रकाराने तिथे माणूस का काढला नसेल, ते मी सांगायला नको.

उलट्या बाणाचं कारण साधं आहे. पुढच्या सैन्याला रसद विमानाने जात होती आणि सगळ्यांना पुरेल एवढी विमानं नव्हती. म्हणून मंडाले पडल्यावर ही डिव्हिजन मागे घेतली.

पेठेतला

मंडाले म्हटलं की आपल्याला टिळकच आठवणार. ते सहा वर्षं ज्या तुरुंगात होते तो तिथल्या किल्ल्याच्या आत होता. मार्च १९४५ मध्ये त्याच किल्ल्यावर तोफा आणि विमानं चालली. नकाशात पगडी-उपरणं शोधलंत का?

दारूगोळा

किल्ला घेतला १९ व्या भारतीय डिव्हिजनने, उत्तरेकडून. तुमची सेकंड डिव्हिजन दक्षिणेकडून, मंडालेजवळच्या आव्याच्या बाजूने आली. बाणाची दिशा तपासा.

कॅम्पवाला

ताई, एक राहिलंच. ऑगस्ट १९४२ पासून नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते. म्हणजे तुमचे तोफखानेवाले नगरात घाम पुसत होते तेव्हा नेहरू तिथेच आत होते. किल्ला काढलाय का नकाशात?

तोफखान्याची लेक

आत्ता भिंग घेऊन बघितलं. बाण आव्याच्या बाजूनेच आहे, दारूगोळासाहेब. टिळक नाहीत. किल्लाही नाही! खंदकसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या किल्ल्याला वगळून बकरीच्या दाढीचे केस मात्र एक-एक काढलेत. अर्थात, आत कोण आहे ते साध्या तोफचीला कुणी कशाला सांगितलं असेल म्हणा.

फ्रेमची काच बदलायला टाकलीये. बाबांना फोटो पाठवला होता. मी कोहिमा, नेहरू, सगळं फोनवर सांगितलं, त्यांनी ऐकूनही घेतलं. मग म्हणाले, “बकरी संगमनेरी काढलीये बघ. पांढरी आहे, आणि कान बघ ना.”