मॉन्टरे बे अ‍ॅक्वेरियम: आई-बाबा आणि दोन लहान मुलांना घेऊन एका दिवसात कसं जमवावं?

फ्रीमाँटकर_६

नमस्कार मंडळी. जुलैमधल्या एखाद्या शनिवारी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून मॉन्टरेला तिथलं अ‍ॅक्वेरियम (मत्स्यालय) बघायला जायचा बेत आहे. आम्ही दोघं, मुलगी ८ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा आणि रत्नागिरीहून आलेले आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, एका जागी फार वेळ उभं राहता येत नाही. आई शाकाहारी आहे आणि तिला गारठा सोसत नाही. धाकटा दुपारी एक ते अडीच झोपतो. झोप बुडाली की संध्याकाळ सगळ्यांचीच बुडते.

विचारायचंय ते असं: किती वाजता निघावं, आत कुठल्या क्रमाने बघावं, गाडी कुठे लावावी, जेवणाचं काय करावं आणि तिकिटं काढावीत की सदस्यत्व घ्यावं? संकेतस्थळ वाचून झालंय, कृपया त्याची लिंक देऊ नका. तिथे जे लिहीत नाहीत ते सांगा.

घाटवाट

वेळेचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर आहे. दारं सहसा दहाला उघडतात. शनिवारी अकरा ते दोन आत चेंगराचेंगरी असते. म्हणून साडेनऊला मॉन्टरेत पोचायचं धरून निघा. फ्रीमाँटहून रस्ता मोकळा असेल तर दीड तास, पण शनिवारी सकाळी तो मोकळा नसतो. साडेसातला गाडी सुरू व्हायला हवी.

रस्ता हायवे १०१ दक्षिणेकडे, गिलरॉयच्या पुढे प्रुनडेलला हायवे १५६ पश्चिम, मग कॅस्ट्रोव्हिलजवळ हायवे १. नकाशा कधी कधी हायवे १७ वरून सांता क्रूझमार्गे नेतो. लहान मूल असेल तर ते ऐकू नका, १७ची वळणं आणि पोटभर दूध यांचं जमत नाही. १५६ वर मात्र बराच भाग एकेरी पदराचा आहे आणि सगळी कोंडी तिथेच होते. प्रसाधनगृहासाठी थांबायचं ते गिलरॉयलाच थांबून घ्या.

गाडी लावण्यात लोक चुकतात ते असं: नकाशा थेट कॅनरी रो या किनाऱ्याच्या रस्त्यावर आणून सोडतो. तिथे जागा नसते आणि पुढची गाडी हलत नाही. अ‍ॅक्वेरियम रस्त्याच्या अगदी टोकाला, डेव्हिड अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर आहे. आई-बाबांना आणि एका मोठ्या माणसाला मुलांसकट दाराशी उतरवा, मग गाडी वर चढवून वेव्ह किंवा फोम स्ट्रीटवर न्या. वेव्ह स्ट्रीटवर बहुमजली वाहनतळ आहे, दहाच्या आधी तिथे जागा मिळते. रस्त्यावरच्या मीटरला वेळेची मर्यादा असते. पाटी वाचल्याशिवाय तिथे दिवसभरासाठी गाडी लावू नका.

बाबांसाठी चाकाची खुर्ची आत माहिती कक्षावर मिळते, पण संख्या मोजकी, आधी येईल त्याला. नको म्हणतील तरी घ्या. रिकामी असताना पिशव्या ठेवायला कामी येते आणि तीन वाजता त्यांनाच हवी होते.

गारठ्याचं आई बरोबर बोलतायत. जुलैत सॅन होजेला ३२ अंश असताना मॉन्टरेत १६-१७ असतात आणि सकाळभर धुकं. मागच्या गच्चीवर वाराही असतो. स्वेटर, कानाला रुमाल, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे. उन्हाळा म्हणून चड्डीत आलेली मंडळी दुपारी दुकानातून महागडे हुडी घेताना दिसतात.

तारली_पेडवे

वेळेबद्दल +१. क्रमाबद्दल थोडं सविस्तर.

आत शिरल्यावर पहिल्याच टप्प्यात सी ऑटर, म्हणजे समुद्री पाणमांजरं लागतात, त्यामुळे सगळी गर्दी तिथेच अडते. तुम्ही तिथे थांबू नका. थेट ओपन सी (खुला समुद्र) विभागात, म्हणजे दूरच्या टोकाला जा आणि उलटं फिरत दाराकडे या. पहिला पाऊण तास तिकडे बऱ्यापैकी शांत असतो. प्रचंड काचेसमोर बसायला जागा आहे, बाबांना तिथे बसवा. टाकीत साडेचार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी आहे. तारल्यांचा थवा एकाएकी वळतो तेव्हा तो का वळला हे शोधायला सांगा. मुलीला कामच मिळतं. मागून कुपा (ट्यूना) किंवा मुशी (शार्क) येत असते. रत्नागिरीचे बाबा हे सगळं नावानिशी ओळखतील, फक्त अंगाने दुप्पट-चौपट मोठं.

मुलगी पांढरा शार्क कुठाय विचारेल. सध्या नाही. २००४ मध्ये याच टाकीत एक छोटी मादी १९८ दिवस ठेवली होती आणि मग समुद्रात सोडली. त्याआधी कुठल्याच अ‍ॅक्वेरियमला तो प्राणी इतका टिकवता आला नव्हता. २०११ पर्यंत एकूण सहा ठेवले, नंतर थांबवलं.

एक इशारा: हा विभाग आणि जेलीफिशचा भाग फार काळोखा आहे. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर मोतीबिंदू झालेल्यांना किंवा दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्यांना पायरी दिसत नाही. दोन मिनिटं भिंतीशी थांबा, मग पुढे व्हा. तीन वर्षांचं पोर अंधारात हात सोडून पळालं तर सापडायला वेळ लागतो, त्याला भडक रंगाचा टीशर्ट घाला.

जेलीफिशच्या टाक्या गोल का, हे मुलं विचारतात. त्या प्राण्याला प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही. चौकोनी टाकीत तो कोपऱ्यात अडकतो नाहीतर पाणी बाहेर जायच्या जाळीला चिकटून फाटतो. म्हणून पाणी चक्राकार हळू फिरवत ठेवतात, की तो मधोमध तरंगत राहील. मागचा निळा पडदा आणि बाजूचा उजेड ही सजावट, पण तिच्यामुळेच पारदर्शक शरीर दिसतं.

मग केल्प फॉरेस्ट. वेळ घालवायचा तर इथे. अठ्ठावीस फूट उंच टाकी, सुमारे १३ लाख लिटर पाणी, वरून उघडी, त्यामुळे खरं ऊन आत उतरतं. केल्पला, म्हणजे त्या वेलीसारख्या वाढणाऱ्या समुद्री शेवाळाला, ऊन लागतं आणि पाणी सतत हलतं लागतं. स्थिर पाण्यात पानांना पोषण पोचत नाही. म्हणून वर लाटा करणारं यंत्र बसवलंय. डेव्हिड पॅकार्ड, हो, ह्यूलेट-पॅकार्डमधलेच, त्यांनी त्या यंत्राच्या रचनेत स्वतः हात घातला होता. १९८४ ला अ‍ॅक्वेरियम उघडलं ते त्यांच्या कुटुंबाच्या पैशावर आणि सार्डिन (तारली) डबाबंद करणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर. जुने बॉयलर अजून आत उभे आहेत.

पाणी थेट बाहेरच्या खाडीतून येतं. दिवसा ते गाळून घेतात, म्हणजे लोकांना दिसावं. रात्री न गाळता सोडतात. त्या कच्च्या पाण्यातून अन्न आणि अळ्या येतात आणि खडकावर आपोआप रुजतात. तुम्हाला दिसणारी बरीचशी समुद्रफुलं (सी अ‍ॅनिमोन) कुणी लावलेली नाहीत. समुद्रात प्लवक (तरंगते सूक्ष्म जीव) फार झालं की सकाळी पाणी गढूळसर वाटू शकतं, तेव्हा अकरानंतर परत एक फेरी मारा. धुकं विरल्यावर दुपारी किरणं सरळ खाली येतात तो अर्धा तास सोडू नका. पाणबुड्या आत उतरून माशांना भरवतो आणि मास्कमधून लोकांशी बोलतो, त्याची वेळ त्या दिवसाच्या वेळापत्रकात असते. पंधरा मिनिटं आधी पायऱ्यांवर जागा धरा.

हात लावायच्या टाक्यांबद्दल: पाणी तेरा-चौदा अंशांचं, बर्फासारखं लागतं. बाह्या कोपराच्या वर सरका. हाताला लोशन, सॅनिटायझर, सनस्क्रीन असेल तर आधी धुवा, कारण ते थेट प्राण्यांच्या त्वचेवर जातं. दोन बोटं, ओली, वरून हलकेच. तारामासा उचलायचा नाही: त्याच्या नळीपायांची पकड घट्ट असते, ओढला की ते तुटतात. पाकटांचे (शेपटीला काटा असलेल्या चपट्या माशांचे) काटे कापलेले असतात, घाबरायचं कारण नाही, पण त्यांच्या मार्गात तळवा आडवा धरू नका. निघताना साबणाने हात धुवा. धाकट्याच्या बाबतीत हे तुम्हाला स्वतः करावं लागेल.

दुपारचा_चहा

माझं मत उलट आहे. एवढं पहाटे उठवून पोरांना आणि आजी-आजोबांना नेलं तर साडेबाराला सगळे चिडचिडे होतात, नेमकं गर्दी शिगेला असताना. तीन वर्षांच्या मुलासाठी दुपारची खेप बरी.

साडेअकराला घरून जेवून निघा. धाकटा गिलरॉयच्या पुढे गाडीत झोपेल. दीडला पोचा, तो उठेपर्यंत एक जण गाडीत थांबेल, बाकीचे आत. अडीचनंतर गर्दी ओसरते, चारनंतर तर जेलीफिशसमोर तुम्ही आणि भिंत. पाचला बंद होतं, म्हणजे साडेतीन तास मिळतात. एवढे या वयात भरपूर. तिकीट तारखेचं असतं, तेव्हा दुपारी गेलं म्हणून काही कमी होत नाही.

तोटा एकच, वाहनतळ. दीड वाजता वेव्ह स्ट्रीट भरलेला असू शकतो, मग पॅसिफिक ग्रोव्हच्या बाजूला वर चढून शोधावं लागतं. बाबांना आधी उतरवणं इथे सक्तीचंच.

घाटवाट

दुपारची खेप धाकट्यासाठी योग्य, पण बाबांसाठी नाही: चाकाच्या खुर्च्या दीडला शिल्लक असतीलच असं नाही, आणि दूरवरचं पार्किंग म्हणजे परत येताना उतार-चढाव. शिवाय पाणबुड्याचा सकाळचा कार्यक्रम हुकतो. सकाळी गेलात तर एकला बाहेर पडा, हातावर शिक्का मारून घ्या, मुलाला झोपवा, जेवा, अडीचला परत शिरा. दोन्हीचा मेळ त्यातच बसतो.

डबा_आणि_वॉर्मर

जेवणाचं. आत कॅफे आहे, मासे चांगले मिळतात (टिकाऊ मासेमारीची यादी करणारा ‘सीफूड वॉच’ उपक्रम याच संस्थेने १९९९ मध्ये सुरू केला). शाकाहारी माणसाला पर्याय तुटपुंजे आणि रांग लांब. सरळ डबा न्या. दशम्या, धपाटे किंवा थेपले, शेंगदाण्याची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी. दही, सांबार वगैरे ओलं नको, वाऱ्यात ताट सांभाळताना सांडतं. चहा थर्मासमध्ये, आईंना तो स्वेटरइतकाच उपयोगी.

बसायला दोन जागा. सॅन कार्लोस बीच पार्क: कॅनरी रोच्या दुसऱ्या टोकाला, किनाऱ्याच्या सपाट वाटेने चालत दहा-पंधरा मिनिटं, हिरवळ, टेबलं, प्रसाधनगृह. लव्हर्स पॉइंट: पॅसिफिक ग्रोव्हमध्ये, देखावा जास्त सुंदर पण पायी थोडं लांब. बाबा असतील तर गाडीने सॅन कार्लोस, कारण खुर्ची अ‍ॅक्वेरियमची, ती आतच राहील हे विसरू नका.

सीगल. हा विषय हसण्यावारी नेऊ नका. ते मागून येतात आणि हातातला घास नेतात, मुलांच्या बोटांना चोच लागते. पाठीशी भिंत किंवा झाड असेल असं टेबल घ्या, डबा एका वेळी एकच उघडा, झाकण लगेच लावा. एक तुकडा जरी खाली टाकला तरी पाच मिनिटांत वीस जमतात. खारी आणि पक्ष्यांना खाऊ घालू नका, दंडही होऊ शकतो.

कॅमेरा_बंद_फ्लॅश

फोटोचं थोडक्यात. फ्लॅश बंद, काचेवरून परतून फोटोत पांढरा डाग येतो आणि प्राण्यांनाही त्रास. ती काच नाही, अ‍ॅक्रिलिक आहे, केल्प फॉरेस्टला सात इंचांच्या आसपास जाड. समोरून सरळ बघितलं तर स्वच्छ दिसतं. तिरकं बघितलं की प्रकाश वाकतो आणि कडा रंगीत, पुसट होतात. म्हणून फोन काचेला समांतर धरा, शक्य तर भिंग टेकवून. गडद कपडे घाला, पांढरा सदरा काचेत आधी दिसतो. जेलीफिशला पडद्यावर बोट टेकून सूर्याचं चिन्ह खाली ओढा, नाहीतर पाठीमागचा निळा फिकट होतो आणि जेलीफिश जळाल्यासारखी पांढरी येते. घरच्यांचा फोटो टाकीसमोर हवा असेल तर तोंडं टाकीकडे करून काळी आकृती घ्या, चेहरे उजळवायच्या नादाला लागू नका.

फ्रीमाँटकर_६

खूप आभार. सकाळची खेप आणि मधे बाहेर पडायचं ठरतंय. सदस्यत्वाचं कुणीच सांगितलं नाही. आणि बाबा विचारतायत, एवढे पैसे देऊन कोंडलेलं पाणमांजर बघण्यापेक्षा मोकळं कुठे दिसेल का?

तारली_पेडवे

हिशोब असा: ४ वर्षांपर्यंत फुकट, म्हणजे धाकटा सुटला. बाकी पाच जणांचं मिळून तीनशे डॉलरच्या घरात जातं. सदस्यत्वावर नाव असलेल्या मोठ्यांना आणि त्यांच्या मुलांना प्रवेश मिळतो. आई-बाबा पाहुण्यांत मोडतात, तेव्हा ज्या पातळीत दोन पाहुणे येतात तिचीच किंमत तीनशेशी ताडून बघा. ऑगस्टमध्ये परत एकदा जायचं असेल तर सदस्यत्व स्वस्त पडतं. एकदाच जायचं असेल तर तिकिटं काढा. सदस्यांना काही दिवशी सकाळी लवकर आत सोडतात, बाबांसाठी तो अर्धा तास मोलाचा.

मोकळी पाणमांजरं मॉस लँडिंगला. कॅस्ट्रोव्हिलपासून हायवे १ वर उत्तरेला काही मैल, बंदरातल्या शांत पाण्यात, एल्कहॉर्न स्लू या खाडीच्या मुखाशी. गाडीतून उतरून शंभर पावलं चालावं लागतं, पैसे नाहीत. दुर्बीण न्या. पाठीवर पडून पोटावर शिंपला फोडताना आवाज ऐकू येतो. त्यांच्या जवळ जाऊ नका, झोपेतून उठवलं तरी त्यांना ते महागात पडतं: अंगावर चरबीचा थर नाही, थंड पाण्यात तग धरायला रोज वजनाच्या पाव हिस्सा खावं लागतं, उगाच हललं की तेवढं खाणं वाया.

बाबांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल: अ‍ॅक्वेरियममधली पाणमांजरं आईवेगळी सापडलेली, समुद्रात परत सोडता न येणारी असतात. २००१ पासून त्यांतल्याच माद्यांकडून अनाथ पिल्लं वाढवून घेतात. सांभाळणारे काळा झगा आणि चेहरा झाकणारा मुखवटा घालतात, माणसाची सवय लागू नये म्हणून. एल्कहॉर्न स्लूमध्ये वाढलेल्या संख्येत निम्म्याहून जास्त वाटा अशा पिल्लांचा आणि त्यांच्या वंशाचा असल्याचं अभ्यासात दिसलंय. कॅलिफोर्नियात ही जात संपली असं समजत होते; १९३८ मध्ये बिग सरजवळ पन्नासेक दिसली, आता तीन हजारांच्या आसपास आहेत.

मॉस लँडिंग परतीच्या वाटेवर ठेवा. साडेचारला निघून तिथे अर्धा तास थांबलात तर १५६ वरची संध्याकाळची कोंडीही थोडी टळते.

घाटवाट

शनिवारी टळते. रविवारी जाणार असाल तर नाही. तेव्हा सगळी बे एरिया (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची मंडळी) एकाच वेळी परतते.