रोज पाच वस्तू टाकल्या की घर मोकळं होतं, हे मला मान्य नाही

सुतळीचा तोडा

परवा या चर्चेच्या पानावर "मोकळी भिंत" या टोपणनावाने लिहिणाऱ्या ताईंनी लिहिलं होतं, "रोज पाच नको असलेल्या वस्तू घराबाहेर काढा, फार विचार करत बसू नका, वर्षभरात घर ओळखू येणार नाही." खाली वाहवा करणाऱ्यांची रीघ लागली. तेव्हा मी गप्प बसलो, पण ते "फार विचार करत बसू नका" काही डोक्यातून जाईना. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मी हे करून पाहिलंय. सलग चाळीस दिवस, वहीत नोंद ठेवून. दोनशे वस्तू गेल्या. वही समोरच आहे, त्यातला एक दिवस सांगतो: वाळलेलं पेन, एकटा उरलेला मोजा, झाकण हरवलेला डबा, मिक्सरचं माहितीपत्रक (मिक्सर जाऊन जमाना झाला), कोरी पडलेली पावती. त्या पावत्यांना शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा होतो, म्हणून काही वर्षांत अक्षरं उडून जातात. असल्या कोऱ्या पावत्यांनीच माझे पंचवीस-तीस आकडे भरले.

चाळीस दिवसांनंतर काय? आतल्या खोलीतलं कपाट अजूनही गुडघ्याने रेटल्याशिवाय लागत नाही. कारण त्यात बंद पडलेलं शिवणयंत्र आहे, चाक तुटलेली सुटकेस आहे, आणि भावाने "महिन्याभरात नेतो" म्हणून ठेवलेली तीन खोकी आहेत. त्याला नऊ वर्षं झाली. यातल्या प्रत्येक वस्तूसाठी कुणाशी तरी बोलावं लागतं, काहीतरी ठरवावं लागतं. पावतीला तसलं काही लागत नाही. मोजताना मात्र पावतीही एक आणि शिवणयंत्रही एकच. मग हात कुठे जाणार? अडगळ म्हणजे न घेतलेले निर्णय, आणि ही पद्धत नेमके तेच टाळायची सवय लावते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

शिवाय टाका म्हणजे कुठे टाका? २०२२ या एका वर्षात जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. "देऊन टाकले" म्हणून आपण ज्या कपड्यांचा विषय संपवतो, तसल्या कपड्यांचे ढीग चिलीच्या अटाकामा वाळवंटात पडलेत. आपल्या दारातून बाहेर गेली म्हणून वस्तू संपत नाही.

मोकळी भिंत

माझं नाव घेऊन लिहिलंत, तर उत्तरही ऐका. चाळीस दिवसांत थांबलात आणि पद्धतीवर खापर फोडलंत. मला तिसरं वर्ष चालू आहे.

मी सुरुवात का केली ते आधीच्या लिखाणात नव्हतं, आता सांगते. आमच्या घरात पॅसेजमध्ये एका भिंतीला खोकी लावलेली होती. "तात्पुरती." रात्री बाथरूमला जाताना वडिलांचा पाय त्यात अडकला आणि ते पडले. खुब्याचं हाड मोडलं. नंतर ते काठीशिवाय चालले नाहीत. त्या खोक्यात काय होतं माहितीये? जुन्या मॉनिटरच्या केबली आणि थर्माकोल.

त्याआधी मी तुमच्यासारखाच "मोठा निर्णय" घेऊन दोनदा सुट्टी काढली होती. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पलंगावर ढीग, जमिनीवर ढीग, झोपायला जागा नाही, आणि शेवटी सगळं जसंच्या तसं आत कोंबलं. पाच वस्तूंना दहा मिनिटं लागतात. दमलेल्या माणसालाही जमतं. पहिले चार महिने माझ्याकडूनही पावत्या आणि पेनंच गेली, खोटं कशाला बोलू. पण पाचव्या महिन्यात सोपं असं काही उरलंच नाही आणि मग हात आपोआप अवघड वस्तूंकडे गेला. तुम्ही तिथपर्यंत पोचलाच नाहीत.

पोटमाळा

मोकळी भिंत ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण वाटेतली खोकी हलवणं वेगळं आणि रोज मोजून टाकणं वेगळं. मी न टाकणाऱ्यांपैकी आहे. माझ्याकडे खिळे, स्क्रू, वॉशर, तुटलेल्या खुर्चीची चाकं, सगळं डब्यांत लावून ठेवलेलं आहे, डब्यावर नाव लिहून. शेजारीपाजारी कुणाचं काही मोडलं की माझ्याचकडे येतात. मागच्या महिन्यात एका मुलाच्या सायकलच्या ब्रेकचा नट माझ्या डब्यात सापडला. टाकला असता तर?

उंबरठा

काका, "टाकला असता तर" या तीन शब्दांखाली माझं आयुष्यातलं एक सबंध वर्ष गेलंय.

आई गेली. भाड्याचं घर होतं, मालकाने महिनाअखेर दिली. माझ्या हातात अकरा दिवस. तीन भावंडं, तिघं तीन गावांत. चौदा चष्मे निघाले, तिचे, बाबांचे, आजीचेसुद्धा. एक डबा भरून किल्ल्या, एकही कुठल्या कुलपाला लागेना. लागत नाहीत हे कळायलाच अर्धा दिवस गेला, कारण एखादी लॉकरची असली तर, या भीतीने प्रत्येक लावून पाहिली. प्रत्येक वस्तूवर तीन मतं. मी रडायचं कधी? आईच्या साडीचा वास घेत बसायला मला पाच मिनिटं मिळाली नाहीत, कारण खाली टेम्पो थांबला होता. शेवटच्या दिवशी न बघता पोती भरली. त्यात काय गेलं ते आजही माहीत नाही.

आईनेही नावं लिहिलेले डबे ठेवले होते. नट उपयोगी पडला, चांगलंच झालं. पण तुमच्यामागे त्या डब्यांचं काय करायचं ते कुणाला सांगून ठेवलंय का? स्वीडिश भाषेत मरणाआधीच्या आवराआवरीला स्वतंत्र शब्द आहे, डोस्टेडनिंग. मागे राहणाऱ्यांवर ओझं नको म्हणून माणसं जिवंतपणी स्वतःच्या हाताने करतात. रोज पाच नाही, माझ्या आईने आठवड्याला एक जरी काढली असती तरी मी तिचे पाय धरले असते.

सुतळीचा तोडा

उंबरठा, तुमच्यापुढे माझं म्हणणं थिटं पडतं, हे कबूल. पण तुमचीच गोष्ट पाहा. तुम्हाला छळलं ते किल्ल्यांनी, कारण त्या कशाच्या हे ठरलेलं नव्हतं. आईंनी रोज पाच किल्ल्या टाकायला हव्या होत्या असं नाही. प्रत्येकीला चिठ्ठी बांधायला हवी होती.

निळी शाई

मला तिसऱ्याच गोष्टीचा संताप आहे. या सगळ्या आवराआवरीवाल्यांचा एक ठरलेला सल्ला असतो: पत्रं, फोटो, कॅसेटी यांचे मोबाइलवर फोटो काढा, रेकॉर्डिंग करून घ्या आणि मूळ टाकून द्या. मोकळी भिंत यांच्याही लिखाणात तो होता. हे बोलणं किती बेजबाबदार आहे!

आमच्याकडे वडिलांच्या आवाजातली एक कॅसेट आहे. साठ मिनिटांची, एका बाजूवर त्यांच्या हातचं "घर, रविवार" एवढंच लिहिलेलं. वडील मी सातवीत असताना गेले. वहिनीने हा रोज पाचचा उपक्रम घेतला आणि एका दिवशी कॅसेट प्लेअर गेला. "बंदच तर होता." कॅसेट राहिली, ती लावायचं यंत्र गेलं. वस्तू अशा सुट्या सुट्या मोजता येत नाहीत. एकीचा जीव दुसरीत असतो. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. तुमच्या लग्नाच्या टेप आज कशावर लावणार?

मोकळी भिंत

मी "मूळ टाकून द्या" असं लिहिलंच नव्हतं. "प्रत करून मग ठरवा" असं लिहिलं होतं. आणि तुम्ही इतकी वर्षं त्या कॅसेटची प्रत का नाही करून घेतलीत? प्लेअर घरात होता तेव्हा? वहिनींना बोल लावणं सोपं आहे.

निळी शाई

कारण ऐकायची हिंमत होत नव्हती! हे तुमच्या दहा मिनिटांत बसत नाही, ताई.

उंबरठा

निळी शाई, तुमचं दुःख मला कळतं. पण चुंबकीय फीत तुमच्या हिमतीची वाट पाहत नाही. दमट जागी तिचा लेप चिकट होतो, सुटायला लागतो. जपून ठेवणं म्हणजे नुसतं कपाटात ठेवणं नव्हे. माझ्या आईनेही जपूनच ठेवलं होतं सगळं, अर्ध्याला बुरशी लागलेली.

निळी शाई

आणि मोबाइलमधली प्रत अमर असते का? फोन बिघडला, पासवर्ड विसरला, कंपनीने सेवा बंद केली की संपलं. इंटरनेटच्या पायाभरणीतले विंट सर्फ यांनीच २०१५ मध्ये बजावलं होतं की आजच्या फाइली उद्याच्या यंत्रांना वाचता आल्या नाहीत तर आपला काळ पुढच्यांसाठी अंधारात जाईल. आजोबांचं पत्र मी आज उघडून वाचू शकतो. माझी स्वतःची पंधरा वर्षांपूर्वीची सीडी उघडत नाही.

पोटमाळा

शंभर टक्के. मूळ ते मूळ.

रातराणी

कॅसेटी आणि सीड्यांवर दहा-दहा प्रतिसाद झाले. जे मला बोलायचंय ते अजून कुणीच बोललं नाही. वस्तू कुणाची, आणि टाकणारा कोण?

माझ्या नवऱ्यानेही वही ठेवली होती. मी भरतकाम करते. बटरपेपरवर पेन्सिलीने उतरवलेल्या नक्ष्या, सव्वीस वर्षांच्या, काही माझ्या मावशीच्या हातच्या. रेघांवर सुईची भोकं पाडलेली, त्यावरून भुकटी फिरवली की कापडावर ठिपके उमटतात. सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. वहीत त्या दिवशी तिसरी नोंद: "जुने कागद – १." सव्वीस वर्षांचा आकडा एक. त्याच्या स्वतःच्या कपाटातल्या वस्तूंच्या नोंदी सबंध वहीत अकरा. मी मोजल्या.

भांडले तेव्हा म्हणाला, "तुला साठवायचा आजार आहे." हा शब्द हल्ली कुणीही कुणाला चिकटवतं. तसा आजार खरंच आहे, २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तो वेगळा धरलाय. त्यात माणसाला घरात वावरणं, झोपणं कठीण होतं. माझा गठ्ठा एका खणात मावत होता. आणि ज्याला खरंच तो त्रास आहे, त्याच्या नकळत वस्तू टाकल्या तर तो आणखी घट्ट धरून बसतो.

मोकळी भिंत

रातराणी, हे भयंकर आहे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा माझ्याकडे पहिला नियम आहे. मी तो लिहिला नव्हता, कारण मला वाटलं ते सांगावं लागत नाही. सांगावं लागतं, हे दिसलं.

पण म्हणून पद्धत चुकीची ठरत नाही. तुमचा नवरा चुकला.

सुतळीचा तोडा

पद्धतही चुकली! रोज आकडा पुरा करायचाच म्हटल्यावर स्वतःच्या वस्तू संपल्या, किंवा अवघड वाटल्या, की माणूस दुसऱ्याच्या खणाकडे बघणारच. मी स्वतः अडतिसाव्या दिवशी मुलीच्या चित्रांच्या वहीपाशी उभा होतो. तीन झाल्या होत्या, दोन कमी पडत होत्या. तिथून मी कसाबसा मागे फिरलो.

मोकळी भिंत

बरं. मग आकडा सोडा, वेळ धरा. रोज दहा मिनिटं, एक वस्तू निघाली तरी चालेल. एवढं मी मान्य करते. पण रोज. रोज हा शब्द मी सोडणार नाही, कारण "कधीतरी निवांत" म्हणणाऱ्यांच्या घरात मी वडिलांना पडलेलं पाहिलंय.

सुतळीचा तोडा

वेळेला माझी हरकत नाही. शिवणयंत्राचं विचारायला फोन करणं दहा मिनिटांत बसतं. ते मी धरीन.

उंबरठा

सगळ्यांना एक कळकळीची विनंती. जुने फोन काढाल तेव्हा फुगलेल्या बॅटऱ्या रोजच्या कचऱ्यात टाकू नका. गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात. आईच्या खणात तसे दोन निघाले होते, मागचं झाकण फुगून उघडलेलं. ते ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचे.

पोटमाळा

उंबरठा, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काल रात्री मुलाला बोलावून डबे दाखवले. त्याला त्यातलं काही नको आहे. वाईट वाटलं, पण निदान कळलं.

आणि निळी शाई, माझ्या माळ्यावर कॅसेट प्लेअर आहे. आज खाली काढला. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटलाय, तो काढून नवा घालावा लागेल. हेड पुसायचं आहे. दोन आठवडे द्या. आधी माझी एखादी फालतू कॅसेट त्यावर पाच-सहा वेळा चालवून बघतो, फीत ओढत नाही याची खात्री झाली की कळवतो.

मोकळी भिंत

काका, हा ठेवलात ते बरं झालं. बाकीच्या डब्यांबद्दल माझं मत तेच आहे.

निळी शाई

काका, काय बोलू. पहिल्यांदा लावू तेव्हाच रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, दुसऱ्यांदा फीत टिकेल न टिकेल. रेकॉर्डिंगला लागणारी तार मी घेऊन येतो. वहिनीलाही घेऊन येतो, तिने तो आवाज कधीच ऐकलेला नाही.