नवा मॅनेजर चाचपडतोय. किती सामने थांबावं?

बाकावरून:
हंगामाआधी आलेला मॅनेजर आहे. समजा १० सामन्यांत ८ गुण. याच गतीने ३८ सामन्यांत ३०च्या आसपास होतील, आणि प्रीमियर लीगमध्ये तेवढ्यावर टिकाव लागणं कठीण. क्लबने किती थांबावं? मँचेस्टर युनायटेडने फर्ग्युसनना वेळ दिला म्हणून जो तो त्यांचं नाव घेतो, पण तो दाखला सगळ्यांना लागू पडतो का?

डावा_बॅक:
तो दाखला लोक अर्धाच सांगतात. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ला आले आणि पहिला करंडक मे १९९०चा एफए कप, हे खरं. पण मधल्या १९८७-८८ला युनायटेड लीगमध्ये दुसरी आली होती. म्हणजे थांबायला काहीतरी आधार होता.

१० सामन्यांत गुण फसवतात. त्याऐवजी एक्सजी बघा, म्हणजे मिळालेल्या संधींमधून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज. पेनल्टी वगळा (एकच पेनल्टी पाऊण गोलाहून जास्त भरते), रेड कार्डनंतरची मिनिटं वगळा, मग निर्माण केलेला वजा दिलेला असा प्रति सामना फरक काढा. तो शून्याच्या आसपास असेल आणि गुण ८च, तर फिनिशिंग किंवा गोलकीपर नडतोय, थांबा. उणे ०.७ वगैरे असेल तर गुणतक्ता खरंच बोलतोय. प्रतिस्पर्धी कोण होते तेही तपासा. दहातले पाच सामने वरच्या सहा संघांशी झाले असतील तर हा आकडा जरा सैलपणे घ्या.

ऑफसाइड_ट्रॅप:
सहमत, आणि कोण खेळत होतं हेही बघायला हवं. ऑगस्ट २०२१मध्ये आर्सेनल लीगचे पहिले तीनही सामने हरली: एकही गोल नाही, नऊ खाल्ले, तक्त्यात तळाला. पण रॅम्सडेल आणि टोमियासू या नव्या खेळाडूंनी लीगमध्ये पदार्पण केलं ते चौथ्या सामन्यात. मॅनेजर आर्टेटांना त्या तीन सामन्यांवर जोखणं अन्यायाचं झालं असतं. हंगाम पाचव्या स्थानावर संपला.

उलट बाजूला २०१७चं क्रिस्टल पॅलेस. मॅनेजर डी बोअर लीगच्या चार सामन्यांनंतर गेले, गोल शून्य. त्यांच्या जागी हॉजसन आले, तेही लीगचे पुढचे तीन सामने गोल न करता हरले आणि तरीही अखेर संघ अकरावा. माझ्या मते तिथली खरी चूक निवडीची. चौघांच्या बचावाची सवय असलेल्या संघासाठी तिघांच्या बचावाचा आग्रह धरणारा माणूस आणला. ते मुलाखतीतच कळायला हवं होतं.

बाकावरून:
मग आकडे वाईटच निघाले तर नेमकं कधी हलवायचं?

थ्रो_इन:
नोव्हेंबरच्या आंतरराष्ट्रीय ब्रेकमध्ये. नव्या माणसाला सरावाला जवळपास दोन आठवडे मिळतात (देशाकडून खेळायला गेलेले खेळाडू सोडून) आणि जानेवारीची खरेदी त्याच्या मताने होते. सगळ्यात घातक म्हणजे जानेवारीत जुन्याला खेळाडू घेऊन द्यायचे आणि वसंतात त्याला काढायचं. लेस्टरने २०२३मध्ये मॅनेजर रॉजर्सना २ एप्रिलला, १० सामने उरलेले असताना सोडलं. संघ खालच्या लीगमध्ये गेलाच.

नव्या मॅनेजरने लगेच जिंकलेल्या सामन्यांवरही भुलू नका. क्लब माणूस काढतो तो नशीब सर्वात फिरलेलं असताना. त्यानंतरची थोडी सुधारणा तशीही झालीच असती. डच लीगच्या अभ्यासात तितकेच घसरलेले, पण मॅनेजर न बदललेले संघही साधारण तसेच सावरलेले दिसले.

अपवाद एकच: ड्रेसिंग रूम फुटली असेल तर एक्सजी बघत बसू नका. कर्णधार आणि दोन-तीन सीनियर खेळाडूंशी वेगवेगळं बोला. सगळ्यांनी एकच तक्रार सांगितली तर त्याच आठवड्यात निर्णय घ्या.