जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचा धर्म वेगळा लिहितात का?

धानोरीची लेक

ज्यांनी जनगणनेत प्रगणक म्हणून काम केलंय त्यांना विचारायचंय. फेब्रुवारी २०२७ ला माणसांची मोजणी आहे, त्याबद्दल.

आमचं घर धानोरीत. मी बौद्ध, नवरा हिंदू मराठा, लेक नऊ वर्षांची. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडेच असते. नवरा म्हणतो, कुटुंबप्रमुखाचा जो धर्म तोच सगळ्यांना लावतात, एका घरात दोन धर्म लिहिता येत नाहीत. हे खरं आहे का?

इतकं मनाला लावून घेण्याचं कारण सांगते. २०११ ला आम्ही येरवड्यात चाळीत राहायचो. मोजणीवाले आले तेव्हा आई कामावर आणि बाबा एकटेच घरी. ते गृहस्थ उंबऱ्यापाशी खुर्ची घेऊन बसले, नावं विचारली, वयं विचारली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, पण फळीवर आजीचा खंडोबाचा टाकही होता. जेजुरीहून आणलेला, हळदीने पिवळा झालेला. त्याच्याकडे बघून ते "हिंदूच ना" असं म्हणाले आणि लिहून मोकळे झाले. बाबा भिडस्त, काही बोलले नाहीत. आई सातला घरी आली. चप्पल काढता काढताच तिने विचारलं, "धर्मात काय लावलं?" बाबा गप्प. त्या रात्री ती जेवली नाही.

आजी दौंड तालुक्यातली. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोडला बुद्धमूर्ती बसली, तेव्हा ती सासऱ्यांबरोबर गेली होती. ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जाणं जमलं नाही, पुढच्या वर्षी गावातच दीक्षा घेतली. १९६१ ला खानेसुमारीवाले आले तेव्हा आजोबांनी "बौद्ध" असं खणखणीत सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून शाळेत जाणाऱ्या चुलत्याला पुढे करून लिहिलेलं वाचून घेतलं. १९५१ ला महाराष्ट्रात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते, १९६१ ला सुमारे २७ लाख ९० हजार झाले. त्या आकड्यात आमच्या घरची सात माणसं आहेत.

आणखी एक. या वेळी सगळ्यांची जात विचारणार आहेत. धर्मात बौद्ध लिहिलं की अनुसूचित जातीत धरत नाहीत, दाखल्याला अडचण येते, असं शेजारच्या काकूंनी आईला सांगितलंय. तेव्हापासून ती काळजीत आहे.

शनिपारकर

या वेळी स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरायची सोय आहे. प्रगणक यायच्या आधी भरून टाका, क्रमांक मिळतो तो त्यांना दाखवा. बाकी तपशील जाणकार सांगतील.

निवृत्त बाई

२००१ आणि २०११, दोन्ही वेळेला मी प्रगणक होते. भवानी पेठ आणि नाना पेठेतले गट माझ्याकडे होते.

यजमानांना सांग, धर्म माणसागणिक लिहितात. २०११ च्या पत्रकात सातवा प्रश्न धर्माचा होता आणि सूचनापुस्तिकेत स्पष्ट होतं की प्रमुखाचा धर्म तोच घरातल्या सगळ्यांचा, असं धरू नये. हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. यापलीकडचा असेल तर धर्माचं नाव पूर्ण लिहायचं, आकडा घालायचा नाही. आणि माणूस सांगेल ते लिहायचं, आपल्याला पटो न पटो. तुझ्या घरी आले त्यांनी टाकाकडे बघून लिहिलं, ते चूकच.

ही चूक माझ्याकडूनही झाली आहे. २००१ ला नाना पेठेत एका घरी आडनाव ऐकलं, अस्सल मराठी, दारात तुळस. मी न विचारता हिंदू लिहायला घेतलं. दहावीतली मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती म्हणाली, "बाई, आम्ही ख्रिस्ती आहोत. आजोबांपासून." तिची आई ओट्यापाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हे नेहमीचंच आहे असा भाव होता, आणि तो मला जास्त लागला. तेव्हापासून मी प्रत्येक माणसासाठी प्रश्न पूर्ण उच्चारून विचारला. एका गटाला दोन दिवस जास्त लागले.

त्याच पेठेत अग्यारीजवळ एक पारशी आजी एकट्या राहायच्या. २०११ ला मी "झोरोस्ट्रियन" लिहिलं तसं त्यांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर तपासलं. म्हणाल्या, "आम्ही थोडेच उरलो, एक सुटला तरी दिसतो." पुढे आकडे आले. देशात १९४१ ला १ लाख १४ हजारांवर असलेले पारशी २००१ ला ६९,६०१ होते आणि २०११ ला ५७,२६४. त्यातल्या एक त्या आजी.

आता जातीचं. १९५० च्या आदेशात पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर अनुसूचित जाती हिंदूंतच धरल्या होत्या. १९५६ ला त्यात सरसकट शीख आले आणि १९९० ला बौद्ध. म्हणजे धर्मात बौद्ध आणि पुढच्या प्रश्नात अनुसूचित जात, असं दोन्ही लिहिता येतं, काही अडत नाही. फक्त "नवबौद्ध" हे जातीच्या यादीतलं नाव नाही, तेव्हा यादीतलं जातीचं नाव स्पष्ट सांगा. आणि दाखल्याची काळजी सोडायला सांग आईला. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ आहे. त्यानुसार हा कागद कुणाला पाहायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही.

लेकीचं तुम्ही दोघांनी ठरवायचं. बापाचाच धर्म लावा असं कुठेही लिहिलेलं नाही.

एक लक्षात ठेव. आधी घरयादीची फेरी असते, तिच्यात धर्म विचारत नाहीत. तेव्हा फक्त प्रमुख अनुसूचित जातीचे, जमातीचे की इतर एवढंच. धर्म आणि जात दुसऱ्या फेरीत. त्या वेळी आईला घरी ठेव आणि तिलाच बोलू दे.

कोंढव्याहून

बाईंनी धर्माचं सांगितलं, मी भाषेचं सांगतो. दहावा प्रश्न मातृभाषेचा. आमचं मूळ गाव श्रीवर्धनजवळ, घरात मराठी, आईच्या तोंडी तर शुद्ध कोकणातली. २०११ ला आमचं नाव ऐकलं आणि मातृभाषा उर्दू लिहिली. मी म्हणालो, साहेब, मी आत्ता तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलतोय? खोडून मराठी केलं, पण मी बघत होतो म्हणून. २०११ ला देशात मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले, हिंदी आणि बंगालीनंतर तिसरा नंबर. न बघता गेलेली आमच्यासारखी घरं किती असतील, हा विचार मनातून जात नाही.

आणि धर्माचे आकडे ऑगस्ट २०१५ ला आले तेव्हा ऑफिसात आठवडाभर एकच विषय होता, मुसलमान १४.२ टक्के झाले. १७ कोटी २२ लाख. खरंच आहे ते. पण त्याच तक्त्यात दहा वर्षांची वाढ २९.५ वरून २४.६ टक्क्यांवर उतरलेली होती, हिंदूंची १९.९ वरून १६.८ वर. दोन्ही उतरत्या, आणि आमची जास्त वेगाने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ ला मुस्लिम बाईमागे ४.४ मुलं होती, २०१९-२१ ला २.३६. माझ्या आजीला नऊ, आईला चार, मला दोन. हे मी जेवणाच्या सुट्टीत तीन वेळा समजावलं. दोघांनी वही काढून आकडे उतरवून घेतले, त्यांचं मला फार बरं वाटलं.

ताई, तुम्ही आईचं नीट लिहून घ्याच.

धानोरीची लेक

बाई, दादा, मनापासून आभार.

काल जेवणं झाल्यावर सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. कलम १५ चं आईने दोनदा वाचायला लावलं. मग नवऱ्याने स्वतःहून विचारलं, "आई, तुमचं काय लिहायचं?" पंधरा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "बौद्ध. आणि टाक तिथंच राहू दे, तो माझ्या सासूचा आहे."

ऑनलाइन भरायला ती नको म्हणते. समोर बसून सांगायचंय तिला. मी त्या वेळी रजा टाकणार आहे. लेकीचं अजून ठरलं नाही, आम्ही दोघं बोलतोय.

झोपताना आईने विचारलं, या वेळी मोबाइलवर लिहितात म्हणे, मग लिहिलेलं वाचून कसं दाखवणार? मी म्हटलं, पडद्यावर दिसेल. ती म्हणाली, "मग पोरीला जवळ बसव. ती वाचेल."