स्वतःची जिम की फ्रँचायझी? करार करण्याआधी काय तपासावं?

प्रश्न
तळमजल्यावर ३००० चौरस फूट जागा, भाडेकरार ५ वर्षांचा. फ्रँचायझीवाले ७ टक्के रॉयल्टी आणि २ टक्के जाहिरात निधी मागतात, करार १० वर्षांचा. स्वतःच्या नावाने काढली तर हे पैसे वाचतील, पण नाव कुणाला माहीत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

उत्तर १
ते ७ टक्के कशावर, हे आधी विचारा. बहुतेक करारांत रॉयल्टी एकूण जमेवर असते, नफ्यावर नव्हे. १०० जमा झाले आणि भाडं, पगार, वीज, देखभाल जाऊन २० उरले, तर ९ त्यांचे आणि ११ तुमचे. मंदीच्या महिन्यात ८ च उरले तर तुम्हाला १ चा तोटा, त्यांचे ९ तरीही द्यावेच लागतात.

दुसरं म्हणजे तुमच्या दोन करारांच्या मुदती जुळत नाहीत, आणि मला हाच सगळ्यात मोठा धोका वाटतो. पाच वर्षांनी मालकाने जागा सोडायला सांगितली तरी फ्रँचायझीची बांधिलकी उरतेच. जागा गेल्यास दंडाशिवाय सुटका होईल, असं कलम लिहून घ्या. बाहेर पडल्यावर किती काळ आणि किती अंतरात जिम काढायला बंदी आहे, तेही पाहा. मेंबरांची यादी आणि ऑटो डेबिट त्यांच्या सॉफ्टवेअरवर असेल तर निघताना प्रत्येकाची मंजुरी नव्याने घ्यावी लागू शकते. त्यात बरेच जण गळतात.

उत्तर २
हे सगळं मान्य, पण रॉयल्टी नसतानाही स्वतंत्र जिम बंद पडतात, त्या गळतीमुळे. ३०० मेंबर आणि महिन्याला ५ टक्के गळती धरा. आकडा नुसता टिकवायलाच दरमहा १५ नवे हवेत, आणि वर्षअखेर जुन्यांपैकी साधारण ५४ टक्केच उरतात. गळती ३ टक्क्यांवर आणली तर ६९ टक्के उरतात. म्हणून जाहिरातीआधी पहिल्या महिन्याकडे लक्ष द्या: सुरुवातीलाच शरीराची मापं, लिहून दिलेला व्यायामक्रम, आणि आठवडाभर न आलेल्याला फोन.

वार्षिक फी एकदम आली की ती कमाई समजून मशिन घेतली जातात. खरं तर दर महिन्याला तिचा बारावा भागच तुमचा, बाकीची सेवा अजून द्यायची असते. ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा.

ट्रेनर सोडून गेला की त्याचे पर्सनल ट्रेनिंगवाले मेंबरही जातात. प्रत्येकाच्या नोंदी जिमच्या रजिस्टरमध्ये हव्यात, ट्रेनरच्या मोबाइलमध्ये नकोत. हा प्रश्न फ्रँचायझीतही सुटत नाही.

उत्तर ३
मशिनबद्दल थोडं. फ्रँचायझीत बहुधा ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यावं लागतं आणि नूतनीकरणाच्या वेळी बदलायलाही सांगतात. स्वतंत्र असाल तर घरगुती ट्रेडमिल घेऊ नका, दिवसभराच्या वापराला ती टिकत नाही. पट्ट्याखाली वंगण कमी पडलं की घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते आणि कंट्रोलर जळतो. केबल मशिनच्या तारेचं आवरण टोकाशी तडकलेलं दिसलं की मशिन त्याच दिवशी बंद ठेवून तार बदला.

उत्तर ४
फ्रँचायझीवाल्यांकडे बंद पडलेल्या शाखांची यादी मागा. अमेरिकेत सही करण्याआधी किमान १४ दिवस माहितीपत्रक द्यावंच लागतं आणि त्यात बंद झालेल्या व सोडून गेलेल्या शाखांचा तपशील असतो. इतर ठिकाणीही तो लेखी मागता येतो. सोडून गेलेल्या दोघा-तिघांना फोन करा आणि विचारा: जाहिरात निधीतून तुमच्या भागात प्रत्यक्ष किती खर्च झाला?