हेल्पर आणि सेटरच्या पगारातलं अंतर आटत चाललंय: ग्रेड कसे बसवायचे, महागाई भत्ता कसा जोडायचा?

मशीनशॉप_चाकण (प्रश्न)

चाकणला मशीन शॉप, ६० कामगार. दुसरं लहान युनिट सोलापूरला, चिंचोळी एमआयडीसीत. हेल्परना किमान वेतनाचा मूळ दर अधिक विशेष भत्ता (शासन महागाईप्रमाणे वाढवतं तो) मिळतो. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर, सेटर (मशीनवर टूल आणि मापं लावून देणारे) आणि तपासनीस मात्र एकरकमी पगारावर आहेत. दर सहामाहीला हेल्परचा भत्ता वाढतो, बाकीच्यांचा पगार तिथेच राहतो. सेटर विचारतात, "आमच्या कामाची किंमत कमी झाली का?" प्रश्न रास्त आहे.

तीन गोष्टी हव्यात. कामाचं मोल मोजायची पद्धत, त्यात महागाई कशी धरायची, आणि सोलापूरला पगार वेगळा ठेवायचा तर किती. सोलापूरचा ग्राहक किंमत निर्देशांक (भाव किती वाढले ते दाखवणारा आकडा) पुण्याच्या निर्देशांकाशी ताडून प्रमाण काढलं तर चालेल का?

वेतनश्रेणी_नाशिक

मूळ दुखणं एकरकमी पगाराचं आहे. मूळ पगार कामाच्या मोलाचा असतो, भत्ता जगण्याच्या खर्चाचा. दोन्ही एका आकड्यात कोंबले की महागाई वाढेल तसं कामाचं मोल आपोआप खाली येतं.

हिशेबापुरते आकडे धरतो. हेल्पर: मूळ ७,००० + भत्ता ६,५०० = १३,५००. सेटर: एकरकमी २०,०००. भत्ता दर सहामाहीला ३०० ने वाढला, तर तीन वर्षांत हेल्पर १५,३०० वर जातो. सेटरचा पगार हेल्परच्या १.४८ पट होता, तो १.३१ पट उरतो, आणि हे कोणी ठरवलेलंही नसतं.

गुणपद्धत लावा. एकूण ५०० गुण: कौशल्य २००, जबाबदारी १५०, शारीरिक-मानसिक श्रम ७५, कामाची परिस्थिती ७५. प्रत्येक घटकाच्या चार-पाच पायऱ्या शब्दांत लिहा. "जबाबदारी जास्त" असं मोघम नको. "चूक झाली तर एक जॉब रिजेक्ट", "पूर्ण बॅच रिजेक्ट", "मशीनच्या स्पिंडल किंवा टरेटचं नुकसान" असं लिहा. मग प्रत्यक्ष काम पाहून गुण द्या. समजा हेल्पर १४०, ऑपरेटर २३०, तपासनीस २९०, सेटर ३२० आले. आता आसपासच्या कारखान्यांतले चार-पाच कामांचे दर आलेखावर मांडा आणि मधून रेघ काढा. वरच्या आकड्यांना साधारण ही रेघ बसते:

मूळ पगार = २,१०० + (३५ × गुण)

हेल्पर ७,०००, ऑपरेटर १०,१५०, तपासनीस १२,२५०, सेटर १३,३००. त्यावर सगळ्यांना भत्ता वेगळा. सेटरचे १९,८०० होतात, म्हणजे आजच्या पगाराच्या जवळपास. रेघेच्या वर असलेल्याचा पगार कापायचा नाही. वरचे २०० रुपये 'वैयक्तिक वेतन' म्हणून वेगळे दाखवा आणि पुढच्या वाढीत जिरवा.

ही पद्धत फसते ती माणूस डोळ्यासमोर ठेवून गुण दिल्यामुळे. जुना, विश्वासू सेटर असला की सेटरच्या कामालाच गुण चढतात. त्याच्या अनुभवाची कदर वार्षिक वाढीत करा, गुण कामाचे असतात. गुण देणाऱ्यांत सुपरवायझरबरोबर दोन कामगारही बसवा. आणखी एक: डीबरिंग (जॉबच्या धारदार कडा घासणं) आणि तपासणीवर बहुतेक महिला असतात. तिथला डोळ्यांचा ताण, एकाग्रता आणि बोटांचं कसब 'हलकं काम' म्हणून सोडून दिलं जातं, वजन उचलण्याला मात्र भरभरून गुण मिळतात. हा अन्याय तर आहेच, शिवाय समान वेतनाचं बंधन १९७६ च्या कायद्यापासून आहे.

निर्देशांक_वाचक

निर्देशांकांची तुलना करून सोलापूरचा पगार ठरवू नका. ही चूक खूप ठिकाणी होते. कामगार ब्यूरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक प्रत्येक केंद्रासाठी २०१६ = १०० धरून निघतो. म्हणजे २०१६ साली पुणेही १०० आणि सोलापूरही १००, खोलीचं भाडं दुप्पट असलं तरी. सोलापूरचा आकडा पुण्यापेक्षा मोठा दिसला, तर तिथे भाव जास्त वेगाने वाढले एवढाच अर्थ. महाग शहर कोणतं, हे त्यातून कळत नाही.

दोन गावांतला फरक काढायचा तर टोपली मांडा. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेचं सूत्र आजही उपयोगी आहे: कुटुंबाचे तीन उपभोग घटक (एक घटक म्हणजे एका प्रौढाचं खाणं), प्रत्येकी २,७०० कॅलरी, वर्षाला ७२ वार कापड, औद्योगिक गृहनिर्माण योजनेतलं किमान भाडं, इंधन-दिवाबत्ती आणि इतर खर्चाला २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. त्याच वस्तू, तीच मापं घेऊन दोन्हीकडच्या दुकानांत एकाच आठवड्यात भाव विचारा. धान्य, तेल, डाळीत फरक किरकोळ निघेल. खरा फरक निघेल तो भाड्यात.

म्हणून मूळ पगार दोन्हीकडे एकच ठेवा आणि चाकणला 'स्थानिक भत्ता' वेगळा द्या. सेटरने सोलापुरात लावलेला ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) चाकणपेक्षा कमी मोलाचा नसतो. केंद्र सरकारही हेच करतं: मूळ वेतन सगळीकडे एक, घरभाडं मात्र एक्स, वाय, झेड शहरांना ३०, २० आणि १० टक्के. पुणे एक्स, सोलापूर वाय. पण टक्केवारीची नक्कल तुम्ही करू नका. वस्तीतल्या खोलीचं भाडं हेल्परला आणि सेटरला सारखंच पडतं, तेव्हा ठोक रक्कम द्या.

आता महागाई. निर्देशांक १४० वरून १४५ झाला तर वाढ ३.५७ टक्के. १३,५०० वाल्याची पूर्ण भरपाई सुमारे ४८२ रुपये, म्हणजे प्रति अंक ९६. हाच दर सेटरला दिला तर त्याला ४८० मिळतात. पूर्ण भरपाईला त्याला १९,८०० वर ७०७ लागले असते, म्हणजे दोन-तृतीयांश भरपाई झाली. माझ्या मते हे योग्य आहे, कारण महागाई खालच्या पगारात जास्त बोचते. उरलेलं वार्षिक वाढीत, मूळ पगारावर भरून काढा. अट एकच: शासनाचा विशेष भत्ता (जानेवारी आणि जुलैपासूनचा) हेल्परला जेवढ्या रुपयांनी वाढेल, त्याहून कमी कोणालाच नको.

जुना वेतनकरार २००१ च्या मालिकेवर (२००१ = १००) असेल तर नवा अखिल भारतीय आकडा २.८८ ने गुणल्याशिवाय ताडू नका.

मशीनशॉप_चाकण

टोपलीचं पटलं. एकरकमी २०,००० फोडताना कायद्याची अडचण येईल का?

हजेरीपत्रक

सेवाशर्तीतला बदल आहे, तेव्हा २१ दिवस आधी लेखी नोटीस द्या आणि जुना-नवा तक्ता शेजारी-शेजारी छापा.

पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्ता दोन्हींवर आहे. तो वाचवायला मूळ लहान करून 'इतर भत्ते' फुगवू नका. सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते पीएफसाठी धरावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. वेतन संहितेप्रमाणे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या ५० टक्क्यांपुढे गेले, तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो.

५० किंवा जास्त कामगार असल्याने १९८३ च्या महाराष्ट्र कायद्याखाली किमान ५ टक्के घरभाडं लागू होतं. १९,८०० वर ९९० रुपये. मग सेटर २०,७९० वर पोचतो आणि ईएसआयसीची (कामगार राज्य विम्याची) पगारमर्यादा आहे २१,०००. या मर्यादेसाठी घरभाडं धरलं गेलं, तर पुढच्याच भत्तावाढीत तो ती ओलांडेल. अंशदानाचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. मध्येच मर्यादा ओलांडली तरी कालखंड संपेपर्यंत कपात चालू ठेवावी लागते. पुढे त्याच्या घरच्यांचं दवाखान्याचं छत्र जातं, म्हणून गट आरोग्य विमा त्याआधीच घेऊन ठेवा.