सरकारी हायस्कूलसाठी 'देणगी': द्यायची की नाही?

फ्रीमाँटकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "दर मुलामागे हजार डॉलर न देणारे पालक फुकटे." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय. कॅलिफोर्नियात सरकारी शाळा मोफत, हे राज्यघटनेतच आहे. १९८४ च्या हार्टझेल खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाटक-संगीतालाही फी लावता येणार नाही म्हटलं. मग फीलाच देणगी म्हणायचं? मुलाच्या वर्गात किती घरांनी पैसे दिले त्याचा तक्ता भिंतीवर लावला होता. त्याच वर्षी माझी नोकरी गेलेली. पोरगा घरी येऊन विचारतो, "बाबा, आपण दिले का?"

दोघींची आई:
तक्ता लावणं चूकच. पण पैसा येणार कुठून? शाळा चालतात मालमत्ता करावरही, आणि १९७८ च्या प्रॉप १३ ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने, तो कर एक टक्क्यावर बांधला. घर विकेपर्यंत त्याची करासाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. शेजारचे आजोबा पन्नास वर्षांपूर्वीच्या भावावर कर भरतात, आम्ही २०२१ च्या! थोरलीच्या शाळेतला कॉलेज काउन्सेलर, म्हणजे कॉलेज प्रवेशाचं मार्गदर्शन करणारा, पालकांच्या पैशावर आहे. काढून टाकू?

गोदाकाठ:
कर्मवीरांची रयत मुष्टिफंडावर चालली. बाया रोज मूठभर धान्य बाजूला काढत. वर्गणीची लाज कसली?

फ्रीमाँटकर:
कृपा करून ही तुलना नको. ते धान्य दुसऱ्यांच्या पोरांच्या ताटात जायचं. कर्मवीरांच्या साताऱ्यातल्या शाहू बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत. तुमचा चेक तुमच्याच पोराच्या शाळेत जातो.

गोदाकाठ:
मला रयत शिकवू नका. वडील तिथेच शिकले. आजीने मूठ काढली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर माझे वडीलच होते. आपल्या लेकरासाठी दिलेलं हलकं कसं?

दोघींची आई:
हलकं नाही हो, पण आजीची मूठ सगळ्यांच्या कोठीत गेली ना? इथे डोंगरावरच्या शाळेत रोबोटिक्स आणि हायवेपलीकडच्या शाळेत गळकं छत, एकाच डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एकाच बोर्डाच्या कारभाराखाली.

जिप_मास्तरांचा_मुलगा:
आमच्या गावाने वर्गणीतून जिल्हा परिषद शाळेचे पत्रे बदलले, भिंती रंगवल्या. मास्तरचा पगार मात्र सरकारचा. वर्गणीवर माणूस ठेवला की वर्गणी आटली त्या वर्षी माणूस जातो. कॅलिफोर्नियातल्याच सांता मोनिका-मालिबू डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये ठरवलं, कर्मचाऱ्यांसाठीचा देणगीचा पैसा सगळ्या शाळांच्या एकाच फंडात. मालिबूचे पालक भयंकर चिडले.

गोदाकाठ:
चिडणारच! माझा पैसा कुठे जावा ते मी ठरवणार.

फ्रीमाँटकर:
मग त्याला शाळेची मदत म्हणू नका, पोराची शिकवणी म्हणा.

गोदाकाठ:
हे लागलं. मूठ सगळ्यांच्या कोठीत गेली, एवढं मान्य. बाकी काही मान्य नाही.

दोघींची आई:
काउन्सेलर जाऊ देणार नाही, मी यंदाही देणार. पण अर्धे डिस्ट्रिक्टच्या फंडात. आणि तो तक्ता उतरवा म्हणून आज प्रिन्सिपलना लिहिते. फ्रीमाँटकर, सोबत तुमचंही नाव घालू का?

फ्रीमाँटकर:
घाला.